तंबूचे दुसरे छप्पर

घुमटाकार तंबूला दोन कापडे असतात. आतले कापड जाळीचे किंवा विरळ विणीचे असते. त्यातून हवा खेळते आणि वाफ बाहेर जाते, पण पावसाचे पाणीही आत येते. पाणी अडवण्याचे काम वरच्या वेगळ्या कापडाचे. ट्रेकला जाणारी मंडळी त्याला ‘फ्लाय’ किंवा ‘आउटर’ म्हणतात. हे वरचे कापड हरवले की हाती उरते ती एक मोठी मच्छरदाणी. तरी असा तंबू भंगारात टाकण्याचे कारण नाही. नवी फ्लाय बसवता येते, मात्र तिचे काम कसे चालते हे आधी समजून घ्यावे लागते.

फ्लाय म्हणजे पाणी न झिरपणारे कापड, एवढीच समजूत असेल तर बदल हमखास फसतो. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून रात्रभर बाष्प बाहेर पडते. थंडीत गार झालेल्या कापडाला ते लागले की त्याचे थेंब होतात. दोन कापडांत अंतर असेल तर हे थेंब फ्लायच्या आतल्या बाजूला जमतात आणि उतारावरून ओघळून तंबूच्या बाहेर पडतात. प्लास्टिकचा कागद थेट तंबूवर पांघरला तर पाऊस बाहेर राहतो, पण पहाटे अंथरूण आतूनच ओले झालेले असते. म्हणून फ्लायमध्ये कापडाइतकेच महत्त्व मधल्या पोकळीला आहे. ही पोकळी निदान चार बोटांची हवी, आणि फ्लायची खालची कड जमिनीपासून वीतभर वर हवी, म्हणजे वारा खालून शिरून बाष्प घेऊन जातो.

छत्रपती संभाजीनगर परिसरात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हैसमाळचे पठार किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगेतली गावे इथे तंबूत राहायचा हंगाम त्यानंतरचा. त्यामुळे फ्लायवाचून भागेल असे वाटते, पण तसे भागत नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अवकाळी येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला गारपिटीने झोडपले, ते दिवस कॅलेंडरप्रमाणे कोरडेच होते. शिवाय निरभ्र रात्री दव पडते. उघड्या आकाशाखालची वस्तू भराभर गार होते आणि दव तिच्यावर साचते. फ्लाय असली तर ती ओली होते, नसली तर आतली जाळी आणि पांघरुणे ओली होतात.

उन्हाचा विचार तर इथे आधी करावा लागतो. इंग्रज अमदानीत दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांचे तंबू दुहेरी छताचे असत, आणि मधली हवेची पोकळी ठेवलेली असे ती मुख्यतः उष्णतेसाठी. त्याच्याही आधी मोगल छावणीत शामियाना होता : खांबांवर वेगळे ताणलेले छत. औरंगजेब १६८२ साली छत्रपती संभाजीनगर शहरात आला आणि १७०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत उत्तरेत परतला नाही. त्या काळाचा मोठा भाग त्याचा दरबार फिरत्या छावणीतच भरला. हरवलेल्या फ्लायवरचा सर्वांत सोपा उपाय याच शामियान्याच्या जातीचा आहे.

खर्च करण्यापूर्वी उरलेला तंबू उभा करून पाहावा. जुन्या तंबूच्या तळाच्या कापडावर पॉलियुरेथेनचा लेप असतो. दमट जागी ठेवल्यास तो कालांतराने चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि पापुद्रे सुटतात. फायबरच्या काड्या तडकल्या आहेत का, आतले इलॅस्टिक सैल पडले आहे का, चेन चालते का, हेही पाहावे. तळ गेलेला असेल तर नव्या फ्लायचा उपयोग नाही.

कंपनीकडे त्याच मॉडेलची फ्लाय मिळाली तर उत्तमच, पण जुन्या तंबूची सहसा मिळत नाही. दुसऱ्या मॉडेलची घेताना ‘दोघांचा’, ‘चौघांचा’ या शब्दांवर जाऊ नये. तळाची लांबी-रुंदी, मधली उंची आणि काड्यांची रचना ही तिन्ही जुळली तरच ती ताणून बसते.

यानंतरचा मार्ग ताडपत्रीचा. मोंढ्यात धान्य झाकायला घेतात तीच ताडपत्री इथे चालते. तिची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरच्या ग्रॅममधल्या वजनात सांगतात. सात बाय सात फुटांच्या आणि सव्वाचार फूट उंच तंबूला १२ बाय १५ फुटांची ताडपत्री पुरते. १२० जीएसएमची घेतली तर तिचे वजन सुमारे २ किलो भरते, २०० जीएसएमची सव्वातीन किलोच्या पुढे जाते. गाडीने जाणाऱ्याला जाड घेता येईल. पाठीवर ओझे वाहणाऱ्याने पातळच घ्यावी.

दोन झाडांमध्ये साडेपाच-सहा फुटांवर दोरी ताणायची, तीवर ताडपत्री दोन्हीकडे सारखी सोडायची आणि कोपऱ्यांतल्या रिंगांना तणावे बांधून मेखा ठोकायच्या. तंबू या छपराखाली, त्याला कुठेही न टेकता उभा राहतो. म्हैसमाळसारख्या उघड्या पठारावर झाडांऐवजी दोन बांबू लागतात, आणि प्रत्येक बांबूला बाहेरच्या बाजूने दोन तणावे. वारा असेल तर दोरी खाली घ्यावी आणि वाऱ्याकडची कड जवळजवळ जमिनीला टेकवावी. ताडपत्री वाऱ्यात फडफडते, तिचा आवाज झोप मोडतो, आणि घडी मोठी होते. तरीही गाडीतून जाऊन एकाच जागी दोन रात्री राहणाऱ्यांसाठी हा उपाय शिवलेल्या फ्लायपेक्षा चांगला आहे. पोकळी आपोआप मिळते, बूट आणि सॅक ठेवायला कोरडा ओटा मिळतो, आणि दुपारी सावलीही मिळते.

शिवून घेतलेली फ्लाय हलकी आणि नेटकी असते, पण तिला चिकाटी लागते. कापड लेप दिलेले पॉलिस्टर किंवा नायलॉन घ्यावे. नायलॉन ओले झाले की सैलावते आणि तणावे पुन्हा ओढावे लागतात. पॉलिस्टर कमी सैलावते आणि उन्हातही जास्त टिकते, म्हणून इथल्या हवेला तेच बरे. पाणी अडवण्याची ताकद मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. १५०० मिलिमीटर म्हणजे दीड मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसते. फ्लायसाठी १५०० ते ३००० पुरेसे आहे.

बेतण्यासाठी तंबू उभा करून त्यावर जुन्या चादरी पसरायच्या आणि काड्यांच्या रेषेवर खडूने खुणा करायच्या. दोन काड्या एकमेकींना छेदत असतील तर चार त्रिकोणी गाळे मिळतात. प्रत्येक गाळा मापापेक्षा थोडा मोठा कापावा, म्हणजे पोकळी राहते, आणि शिलाईसाठी दोन सेंटिमीटर मार्जिन सोडावी. सायकल-मोटारसायकलची कव्हरे किंवा बॅगा शिवणाऱ्याकडे यासाठी योग्य मशीन असते. शिलाई जीन्सच्या पायाला असते तशी दुहेरी दुमडीची हवी आणि धागा पॉलिस्टरचा. कापडाला टाचण्या लावू नयेत. टाचणीचे भोक बुजत नाही, चिमटे वापरावेत. लेपाची बाजू आत येते. कोपऱ्यांना बॅगेच्या नायलॉन पट्टीचे फासे शिवावेत. सुती नवार पाण्यात कुजते. सुई गेली तिथे पाणी येणारच, म्हणून आतून प्रत्येक शिलाईवर सीलंट लावावे. पॉलियुरेथेन लेपाला पॉलियुरेथेनचे, सिलिकॉन लेपाला सिलिकॉनचेच. उलट लावले तर ते धरत नाही आणि पहिल्याच पावसात सोलून निघते.

फ्लाय तयार झाली की गच्चीवर तंबू उभा करून नळीने दहा मिनिटे पाणी मारावे आणि आत बसून शिलाया न्याहाळाव्यात. गळती दिसेल तिथे पुसून, वाळवून पुन्हा सीलंट द्यावे. तंबूखाली अंथरलेले प्लास्टिक फ्लायच्या कडेबाहेर डोकावत असेल तर ते आत दुमडावे, नाहीतर वरून ओघळलेले पाणी त्याच्यावर साचून तळाखाली शिरते.

फ्लाय हरवते ती बहुधा सहलीनंतर. ओली असल्याने ती वेगळी वाळत घातली जाते आणि तंबू तिच्याविनाच पिशवीत जातो. ती सावलीत वाळवावी, कारण उन्हाने धागा कमजोर होतो. पण ओलसर घडी घालू नये, बुरशी धरते. आणि फ्लाय पूर्ण वाळेपर्यंत तंबूची पिशवी बांधूच नये.