काठावरचा पाणबुडा

कॅलिफोर्नियातलं माँटेरे बे मत्स्यालय १९८४ साली सुरू झालं. तिथली केल्पची टाकी २८ फूट खोल आहे आणि तिच्यात सुमारे १३ लाख लिटर पाणी मावतं. केल्प हे समुद्रशैवाल साचल्या पाण्यात जगत नाही, म्हणून डेव्हिड पॅकार्ड या अभियंत्याने स्वतः खपून लाटा उठवणारं यंत्र घडवलं. त्या हलत्या पाण्यात पाणबुडे माशांना भरवतात आणि मुखवट्यातल्या मायक्रोफोनवरून काचेपलीकडच्या प्रेक्षकांशी बोलतात. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर असतात. माझ्या मते मात्र अशा कुठल्याही टाकीतला सर्वांत मोलाचा माणूस कोरडा असतो. तो काठावर उभा राहून नुसता पाण्याकडे पाहतो. वरवर रिकामा दिसतो, म्हणूनच काटकसरीची कात्री आधी त्याच्यावर चालण्याची भीती असते.

मत्स्यालयातला धोका म्हटलं की शार्कचे दात आठवतात, पण पाणबुड्याचा घात साधी हवाही करू शकते. २८ फुटांवर भरून घेतलेला श्वास रोखून कुणी घाबरून वर सुटला, तर ती हवा पृष्ठभागापर्यंत पावणेदोन पटीहून अधिक फुगू पाहते. फुप्फुस फाटून बुडबुडे रक्तात शिरले की मेंदूपर्यंत जातात. त्याला दीड मीटर पाणीही पुरतं. दुसरा धोका पंपांचा. पाणी खेचणाऱ्या तोंडाशी हात अडकला, तर तो सोडवणं माणसाच्या ताकदीबाहेरचं असतं. म्हणून तिथे काम करण्याआधी पंप बंद करून स्विचला कुलूप घालतात. त्याची किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती लागू शकत असेल, तर ते कुलूप असून नसल्यासारखं.

यावर कुणी म्हणेल, हौशी पाणबुडे १८ मीटरपर्यंत जातात, त्यांच्यासाठी काठावर कोण असतं? पण हौशी माणूस जरा बिनसलं की पोहणं थांबवून वर येतो. काच घासणाऱ्याचे हात आणि लक्ष दोन्ही कामात गुंतलेले असतात. पाण्यातला जोडीदारही तसाच गुंतलेला. आणि प्रेक्षक? बेशुद्ध पाणबुडा त्यांना विसावलेला वाटेल. बुडबुडे थांबले हे ओळखणारा, ऑक्सिजन हाताशी ठेवणारा, क्षणात पाण्यात उतरू शकणारा माणूस वेगळाच लागतो, कारण श्वास थांबल्यावर मेंदूला मोजकी मिनिटंच मिळतात.

खरी अडचण कायद्यात आहे. अमेरिकेत व्यावसायिक पाणबुड्यांच्या नियमांनुसार, सिलिंडर घेऊन कुणी पाण्यात असेल तेव्हा एक पाणबुडा राखीव ठेवावाच लागतो. वैज्ञानिक कामाला या नियमांतून सूट आहे. ह्यूस्टनच्या एका मत्स्यालयाचा वाद अपील न्यायालयात गेला, तेव्हा मासे भरवणं आणि टाकी साफ करणं हेही त्या सुटीत बसतं, असा निकाल २०२० साली लागला. त्यात तथ्य आहे: प्राण्यांची निगा आणि निरीक्षण एकमेकांपासून तोडता येत नाहीत, आणि सूट घेणाऱ्या संस्थेला स्वतःची सुरक्षा-पुस्तिका व पाणबुड्यांचं नियंत्रण मंडळ ठेवावंच लागतं. पण याचा अर्थ, राखीव माणसाचा आग्रह आता बराचसा संस्थेच्या विवेकावर येऊन पडतो. तेव्हा प्रत्येक पुस्तिकेत एक वाक्य निःसंदिग्ध हवं: काठावर माणूस नसेल तर कुणीही पाण्यात उतरणार नाही. ते पाळताना एखाद्या दिवशी काच शेवाळलेली राहील, प्रेक्षकांचा खेळ रद्द होईल. तेवढा तोटा संस्थेने आनंदाने सोसावा.