भरतीच्या वेळी रोहित कुठे जातात?

ऐरोलीला ठाणे खाडीतल्या रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पक्ष्यांची सफर करायला येणारे लोक सगळ्यात आधी विचारतात, होडी किती वाजता सुटते? याला कायमचं असं उत्तर नाही. आज सकाळी आठला निघालेली होडी दोन दिवसांनी साडेनऊच्या पुढे सरकते. आणखी काही दिवसांनी ती दुपारवर जाते. खाडीत होडी चालेल इतकं पाणी हवं आणि पक्ष्यांना उतरायला थोडा चिखलही उघडा हवा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळण्याचा अवकाश थोडा असतो आणि तो रोज पुढे सरकतो.

कोळीवाड्यांत आणि कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीड वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला. छापील वेळापत्रकाशी त्यात थोडाफार फरक पडतो, पण जाळं टाकायला निघालेल्याला तेवढा अंदाज पुरतो. पुनव-अवसेला उधाण येतं, तेव्हा पाणी काठावरच्या तिवरांत शिरतं आणि ओहोटीला तितकंच लांब मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. रोहित पाहायला जाणाऱ्यानं सुट्टीच्या वारासोबत तिथीही पाहिली, तर त्याची फेरी फुकट जात नाही.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ६ ऑगस्ट २०१५ रोजी जाहीर झालं. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान, खाडीच्या पश्चिम अंगाला ते पसरलेलं आहे. त्याच्या सुमारे १,६९० हेक्टरांपैकी ८९६ हेक्टर कांदळवन आणि बाकीचं पाणी व चिखल. एका बाजूला मुलुंड, भांडुप, विक्रोळी, तर दुसऱ्या बाजूला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे. इतक्या दाट वस्तीला खेटून असलेली संरक्षित खाडी देशात क्वचितच सापडेल. २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं रामसर स्थळ.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राजवळून होडी निघते. हे केंद्र राज्याच्या वनखात्याचा कांदळवन कक्ष चालवतो. होडीत बसण्याची घाई असली, तरी आधी पाच मिनिटं काठावर थांबावं. कांदळवनातल्या तिवराचं पान उलटून पाहावं. वरून हिरवं, खालून फिकं पांढुरकं. उन्हाच्या दिवशी या पानावर मिठाचे बारीक कण हाताला लागतात, कारण मुळांवाटे आत आलेलं जास्तीचं मीठ तिवर पानांतून बाहेर टाकतो. झाडाभोवतीच्या चिखलातून वीत-वीतभर उंचीची शेकडो मुळं वर डोकावत असतात. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून ही श्वसनमुळं हवेत येऊन तो घेतात. त्यांच्यावर कचऱ्याची पिशवी अडकली किंवा राडारोडा पडला, की झाड गुदमरतं. कांदळवनावर भराव टाकणाऱ्यांना कुऱ्हाड चालवावी लागत नाही, ती याच कारणानं.

मुळांमधून मध्येच काहीतरी टुणकन उडतं. ती निवटी. मासा असूनही ओहोटीला ती पाण्याबाहेर, चिखलावर वावरते. पुढच्या परांवर अंग रेटत चालते, शेपटीच्या झटक्यानं उड्या मारते, आणि डोक्यावर बसवलेल्या दोन डोळ्यांनी आजूबाजूला पाहते. अंग ओलं असेतोवर कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून ती श्वास घेऊ शकते. धोका दिसला की क्षणात बिळात. आगरी-कोळी घरांत निवटीचं कालवण आवडीनं होतं. चिखलात मांडीपर्यंत उतरून, बिळात हात घालून निवट्या आणि चिंबोऱ्या काढणारी माणसं अजूनही या काठांवर आहेत. खाडीची तब्येत कशी आहे हे त्यांना कोणत्याही अहवालाच्या आधी कळतं.

होडी मधल्या धारेला लागली, की गुलाबी पट्टे दिसू लागतात. जवळ गेल्यावर कळतं, पक्षी दोन प्रकारचे आहेत. मोठा रोहित उंच, फिकट, जवळजवळ पांढरा. चोच गुलाबी आणि टोकाला काळी. लहान रोहित ठेंगणा, रंगानं गडद आणि चोचही काळपट लाल. खाडीत बहुसंख्य असतो तो लहान रोहित. चोच पाण्यात उलटी धरून तो मान डावी-उजवीकडे फिरवतो. जीभ दट्ट्यासारखी मागे-पुढे होते, पाणी आत ओढलं जातं आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातेरी पट्ट्यांतून गाळून बाहेर फेकलं जातं. आत उरतं ते डोळ्यांना न दिसणारं नीलहरित शेवाळ. मोठ्या रोहिताची गाळणी जरा जाड; त्याला लहान कोळंबी, शिंपल्या, किड्यांच्या अळ्या चालतात. म्हणून एकाच चिखलात दोघांचं पोट भरतं, भांडण होत नाही. पिसांचा गुलाबी रंग या अन्नातल्या रंगद्रव्यांचा. पिल्लं करड्या रंगाची असतात, ती गुलाबी व्हायला काही वर्षं जातात.

नव्वदच्या दशकात शिवडी-माहूलच्या चिखलात रोहितांचे मोठे थवे दिसू लागले. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातली पोषकद्रव्यं शेवाळाला खत ठरतात आणि शेवाळ रोहितांना बोलावतं, असं अभ्यासक सांगतात. याचा अर्थ सांडपाणी भलं असा कुणी घेऊ नये. तेच पाणी मर्यादेपलीकडे गेलं की मासळी संपते, आणि काठावरच्या कोळीवाड्यांची जाळी याच पाण्यात पडतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजेच बीएनएचएसनं अलीकडच्या वर्षांत केलेल्या गणनांमध्ये ऐन हंगामात मुंबई परिसरातल्या रोहितांचा आकडा एक लाखाच्या वर गेला आहे. नोव्हेंबरपासून ते येऊ लागतात, मे संपता संपता निघतात. विणीसाठी त्यांचा ओढा कच्छच्या रणाकडे असतो. सालीम अली यांनी १९४५ मध्ये तिथली अवाढव्य वसाहत पाहून तिच्यात पाच लाख रोहित असावेत असा अंदाज बांधला होता. २०२२ मध्ये बीएनएचएसनं सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. एकाचं नाव हुमायून, एकाचं सालीम आणि एकाचं चक्क नवी मुंबई.

या यंत्रांमुळे आणि पक्षीनिरीक्षकांच्या अनेक वर्षांच्या नोंदींमुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. अभयारण्यात रोहितांचा दिवस पुरा होत नाही. ओहोटीला ते खाडीच्या चिखलावर चरतात. भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि खायला काही उरत नाही. मग थवेच्या थवे उठतात आणि उथळ, शांत पाण्याच्या जागी विसाव्याला जातात. या जागा म्हणजे नेरूळचा डीपीएस तलाव, सीवूड्सच्या एनआरआय संकुलामागचं आणि टी. एस. चाणक्यजवळचं पाणथळ, शिवाय पलीकडे भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर. नेरूळ-सीवूड्सच्या जागा वाशी पुलाच्या दक्षिणेला, अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. पक्षी दिवसातून दोनदा ती हद्द ओलांडतो, आणि ओलांडल्यावर त्याच्या पायाखालची जमीन सिमेंटच्या भावानं मोजली जाते.

चाणक्य आणि एनआरआयच्या पाणथळांवर गोल्फचं मैदान व इमारती उभारण्याचा बेत होता. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रोखला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच वर्षी उच्च न्यायालयानं कांदळवनांची तोड हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे, असा निकाल दिला आणि कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखण्याचा दंडकही कायम केला.

डीपीएस तलावाची कहाणी जास्त बोलकी आहे. जेमतेम तीस एकरांचं हे पाणी. खाडीचं पाणी त्यात आत-बाहेर करणारे मार्ग बुजत गेले आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तलावाचा मोठा भाग कोरडा पडला. त्याच दिवसांत परिसरात काही रोहित मेलेले आढळले. रहिवासी आणि पर्यावरण कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरच्या आकाशात उतरत्या प्रवासी विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि ३९ पक्षी मेले. त्या रात्री थवा तिथून का उडत होता यावर मतं वेगळी आहेत. पण हक्काच्या विसाव्याच्या जागा बिघडल्या की पक्षी अनोळखी वाटांनी भटकतात, हे म्हणणं उडवून लावता येत नाही. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर तर ते अधिकच गंभीर होतं. पाणथळ बुजवलं की पक्षी जातील आणि विमानं सुखरूप राहतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी बीएनएचएसचा इशारा वाचावा. हुसकावलेले थवे शेवटी विमानतळाच्याच मोकळ्या जागेत उतरू शकतात. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. रोहितांच्या भरतीच्या वेळेची सरकारनं घेतलेली ही मोठी दखल. चाणक्य आणि एनआरआयच्या पाणथळांनाही असाच दर्जा मिळायला हवा. चौकाचौकांत रोहितांचे पुतळे उभारून ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवणाऱ्या शहराकडून ही अपेक्षा जास्त नाही.

म्हणूनच या अभयारण्याची भेट एका फेरीत आटोपू नये. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. सप्तमी-अष्टमीच्या आसपासचा दिवस धरला, तर भरती सकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला असते. उजाडताना नेरूळला डीपीएस तलावाच्या काठावर उभं राहावं. विसावलेले रोहित तिथे सगळ्यात जवळून दिसतात. त्यांच्यासोबत लाल तंगड्यांचे शेकाट्या, वर वळलेल्या चोचीचे उचाट्या आणि तुतारीचे छोटे थवेही असतात. पाणी उतरू लागलं की रोहित टप्प्याटप्प्यानं उठून उत्तरेला, खाडीकडे निघतात. मग आपणही ऐरोली गाठावी. होडीची जागा आधीच राखलेली असावी, कारण शनिवार-रविवारी ती लवकर भरते. सोबत दुर्बीण, टोपी आणि पाणी हवं. भडक कपडे आणि गाणी घरी ठेवावीत. होडी पक्ष्यांच्या आणखी जवळ नेण्याचा आग्रह नावाड्याला धरू नये. उठवलेला थवा पुन्हा उतरून चरू लागेपर्यंत ओहोटीचा मोलाचा वेळ निघून जातो, आणि मे महिन्यात गुजरातच्या दिशेनं उडायला लागणारी चरबी त्यांना याच चिखलातून साठवायची असते.