सहा पाकिटं आणि एक न भरलेलं टेंडर

नाहूर स्टेशनच्या पश्चिमेला माझ्या मित्राचा फॅब्रिकेशनचा छोटा गाळा आहे. ग्रिल, रेलिंग, गटारावरच्या लोखंडी जाळ्या असली कामं तो करतो. एका दुपारी पावणेतीनला तिथे गेलो तर वेल्डिंग बंद, कटर बंद, सगळे गप्प. टेंडरची वेळ तीनला संपणार होती. लॅपटॉपला डिजिटल सहीचं डोंगल लावलेलं होतं आणि स्क्रीनवर एक्सेलची फाइल उघडी होती. शीट सगळी कुलूपबंद, भरायला फक्त फिकट रंगाचा एक रकाना आणि त्याच्याशेजारी एक निवड: जास्त की कमी. सरकारी अंदाजाच्या किती टक्के वर, किंवा किती टक्के खाली. ठेकेदार त्याला अबाव्ह आणि बिलो म्हणतात. त्याने ‘कमी’ निवडलं, आकडा टाकला, खोडला, पुन्हा टाकला. मी आपोआप दुसरीकडे पाहायला लागलो.

तो आकडा पुढे जातो कुठे, हे त्याने मला नंतर चहा पिताना सांगितलं आणि तेव्हापासून मला त्याचं नवल वाटत आलं आहे. पोर्टलवर पाठवण्याआधीच तो त्याच्या स्वतःच्या संगणकावर कुलूपबंद होतो. उघडण्यासाठी दोन-चार अधिकारी आधीच नेमलेले असतात आणि त्यांच्यापैकी किमान दोघांनी आपापली डिजिटल सही लावल्याशिवाय कुलूप निघत नाही. एकट्याच्या किल्लीने काहीच होत नाही. घड्याळ सर्व्हरचं धरायचं, मनगटावरचं नाही. तीन वाजून एक मिनिटाने आलेला माणूस कितीही स्वस्त असला तरी बाहेर.

पूर्वी हेच काम लाखेची मोहर आणि कुलूप लावलेली टेंडरपेटी करायची. पाकिटांची रीत मात्र अजून तीच आहे. आधी अनामत आणि कागदपत्रं, मग तांत्रिक पात्रता, शेवटी दर. कागदपत्रांत जो नापास, त्याचं दराचं पाकीट उघडतच नाहीत. तो किती कमीत काम करायला तयार होता हे कुणालाच कधी कळत नाही. मला ही व्यवस्था फार शहाणी वाटते, कारण स्वस्त आकडा एकदा डोळ्यांना दिसला की पात्रतेच्या अटी सैल कराव्याशा वाटतात. म्हणून तो दिसूच द्यायचा नाही.

गाळ्यातून बाहेर पडून पुलाकडे आलं की गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम दिसतं. १२.२ किलोमीटरचा हा रस्ता राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून ४.७ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांनी जाणार आहे. जुलै २०२४ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा बोगद्यांच्या त्या टप्प्याचा खर्च ६,३०० कोटींच्या वर सांगितला होता. तेही काम टेंडरनेच दिलेलं आहे. गटारावरची जाळी आणि डोंगराखालचा बोगदा, दोन्हींनाही पाकिटातून जावं लागतं.

मुंबई महापालिकेपुरतं या सगळ्याचं मूळ १८८८ च्या कायद्यात आहे. त्याचं ७२ वं कलम सांगतं की ठरावीक रकमेपेक्षा मोठं काम द्यायचं असेल तर आयुक्तांनी किमान सात दिवस आधी स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन टेंडरं मागवावीत. आलेल्यांपैकी कुठलंही स्वीकारलंच पाहिजे असं बंधन त्यांच्यावर नाही. सगळी परिस्थिती पाहून जे सर्वांत फायद्याचं ठरेल ते घ्यावं. सर्वांत स्वस्त नव्हे, सर्वांत फायद्याचं! हा कायदा झाला तेव्हा नाहूर मुंबईच्या हद्दीतही नव्हतं. शहराची हद्द भांडुपपर्यंत यायला १९५० आणि मुलुंडपर्यंत जायला १९५७ साल उजाडावं लागलं.

शिवाय टेंडरची जाहिरात हा कायद्याने प्रस्ताव नसतोच. ते नुसतं आमंत्रण. प्रस्ताव ठेकेदार ठेवतो, सरकार हो किंवा नाही म्हणतं, आणि कारण न देता सगळी टेंडरं नाकारण्याचा हक्क जाहिरातीच्या तळाशी राखून ठेवलेला असतो. मग सरकारला अडवणार कोण?

याचं उत्तर सांताक्रूझ विमानतळावरच्या एका उपाहारगृहाने दिलं. जानेवारी १९७७ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने जाहिरात दिली: दुसऱ्या वर्गाचं एक रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार, तीन वर्षांसाठी. अर्ज नोंदणीकृत दुसऱ्या वर्गाच्या हॉटेलवाल्यांनीच करायचा, तोही किमान पाच वर्षांचा अनुभव असला तरच. २५ जानेवारीला दुपारी बारा ही शेवटची वेळ. सहा टेंडरं आली. इथे पैसे प्राधिकरणाला मिळणार होते, म्हणून चढा आकडा फायद्याचा; सर्वांत वरचा होता दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैसे. तो देणाऱ्याला कँटीन चालवण्याचा दांडगा अनुभव होता, पण दुसऱ्या वर्गाचं हॉटेल त्याने चालवलेलं नव्हतं. तरी काम त्यालाच मिळालं.

कोर्टात गेलेल्या माणसाने टेंडर भरलेलंच नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं: ही अट मीही पूर्ण करत नव्हतो, म्हणून भरलं नाही. अट पाळायची नाही हे आधी सांगितलं असतं तर मीही भरलं असतं.

हा युक्तिवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थांबून पुन्हा वाचला. जाहिरात वाचून, आपण यात बसत नाही म्हणून जो निमूट परत फिरला, त्याचीही फसवणूक होऊ शकते हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ मे १९७९ रोजी, न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालात, ते मान्य केलं. सरकारने स्वतः घातलेली अट सरकारलाही बांधते. काम कुणाला द्यायचं हे खासगी मालकासारखं मनाला येईल तसं ठरवता येत नाही, कारण संविधानाच्या १४ व्या कलमातली समानता तिथेही लागू होते. रमणा दयाराम शेट्टी खटला म्हणून हा निकाल देशभरच्या टेंडरांच्या वादांत आजही पुढे केला जातो.

खुद्द शेट्टींच्या हाती काही लागलं नाही. ते नोव्हेंबर १९७७ मध्ये, म्हणजे फार उशिरा कोर्टात आले होते आणि तोवर समोरच्याने सुमारे सव्वा लाख रुपये घालून उपाहारगृह सुरू केलं होतं. ते तसंच चालू राहू दिलं गेलं.

माझ्या मित्राने त्या दिवशी दोन वाजून बावन्न मिनिटांनी बटण दाबलं. पोचपावती आली, ती त्याने छापून फाइलला लावली आणि वेल्डिंगचा चष्मा चढवला. गटारावरच्या जाळ्यांचंच त्याआधीचं एक टेंडर त्याने भरलं नव्हतं. अनुभवाच्या अटीत एक वर्ष कमी पडत होतं.