एकाच ट्रान्झिस्टरचे दोन रोध

एका शिक्षकमित्राच्या आग्रहावरून आम्ही दिव्याला बारावीच्या प्रात्यक्षिकाला जाऊन बसलो होतो. प्रयोग ट्रान्झिस्टरच्या वैशिष्ट्य-वक्रांचा. एकाच पाकिटातले दोन बीसी ५४७, दोन गट. बेसकडून दिसणारा आदान रोध, म्हणजे व्होल्टेजमधील छोटा बदल भागिले धारेतील छोटा बदल, एका गटाला सुमारे २,६०० ओहम मिळाला. दुसऱ्याला जेमतेम सव्वापाचशे. "सर, आमचा जळालाय का?" असे विचारता विचारताच त्यांच्यातल्या एकाने शेजारच्या वहीतला आकडा उतरवून घेतला. शेजारचा गट हुशार समजला जातो, एवढाच पुरावा!

दोन्ही आकडे बरोबर होते. पहिल्या गटाने बेसधारा १० मायक्रोअँपिअर ठेवली होती, दुसऱ्याने ५०.

दिवा जंक्शनला दुपारी डब्यात आणखी एक माणूस सहज चढतो. सकाळी आठला त्याच दारातून तोच माणूस चढू शकत नाही. दार बदललेले नसते, आतली गर्दी बदललेली असते. ट्रान्झिस्टरमध्ये मात्र उलटे घडते: धारा जितकी जास्त, तितकी नवी धारा शिरणे सोपे. कारण बेस-एमिटर संधीतील धारा व्होल्टेजबरोबर घातांकी वाढते. दर ६० मिलिव्होल्टला दहापट. अशा वक्राचा चढ त्या ठिकाणच्या धारेच्याच प्रमाणात असतो. त्यामुळे खोलीच्या तापमानाला आदान रोध म्हणजे २६ मिलिव्होल्ट भागिले बेसधारा. भागून पाहा: २,६०० आणि ५२०. मात्र घेतलेला बदल २६ मिलिव्होल्टच्या मानाने लहान हवा. शंभर मिलिव्होल्टची उडी घेतली तर स्पर्शिकेऐवजी जीवेचा चढ मिळतो.

जुन्या पाठ्यपुस्तकांत आदान रोध १,१०० ओहम आणि धारावर्धन ५० असे आकडे जन्मखुणेसारखे छापलेले असतात. २६ मिलिव्होल्टला १,१०० ने भागून ५० ने गुणा. कलेक्टरधारा सुमारे १.२ मिलिअँपिअर निघते. तो आकडा त्या धारेपुरताच खरा.

सगळ्या धारांसाठी हे हाताने करणे कंटाळवाणे, म्हणून संगणक. १९७३ साली बर्कलेला तयार झालेल्या स्पाइस या प्रणालीचा वंशज एनजीस्पाइस विनामूल्य मिळतो; पवईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाच्या ई-सिममध्येही तोच काम करतो. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. तो व्होल्टेजचा अंदाज करतो, तिथे वक्राला स्पर्शिका काढून सरळ रेषांचे समीकरण सोडवतो, उत्तरापाशी पुन्हा स्पर्शिका काढतो. उत्तर हलायचे थांबले की शेवटच्या स्पर्शिकांचे चढ हेच आपले लघुसंकेत गुणांक! ते वेगळे काढावे लागत नाहीत. बायस पायरीपायरीने बदलत नेला की प्रत्येक पायरीला नवा संच हाती येतो.

पण सावध राहावे. ट्रान्झिस्टरचे प्रारूप न भरता नुसते चिन्ह ठेवले तर स्पाइस धारावर्धन सरसकट १०० धरतो आणि कलेक्टरकडून दिसणारा प्रदान रोध अनंत. खऱ्या बीसी ५४७ मध्ये धारावर्धन फार कमी आणि फार जास्त धारेला घसरते, आणि प्रदान रोध धारेबरोबर उतरतो. उत्पादकाने दिलेले प्रारूप घातल्यावरच हे पडद्यावर दिसते.

त्या दिवशी आमच्या मित्राने दोन्ही गटांना टेबले बदलून, पण एकमेकांच्या बेसधारेवर, पुन्हा मापन करायला लावले. वहीत रोधाशेजारी धारेचा रकाना आखला गेला, आणि उतरवलेला २,६०० खोडून त्या मुलाने ५२५ लिहिले.