मोटारसायकलीचा गंज व किरकोळ दोष

मोटारसायकलीचा गंज व किरकोळ दोष : दूरच्या प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारसायकलीच्या पोलादी भागांवर हवा, पाणी व मीठ यांच्या क्रियेने चढणारा गंज आणि त्याच्या जोडीने साखळी, केबली, ब्रेक, विद्युत् जोडण्या इ. भागांत उद्‌भवणारे लहान बिघाड. मोटारगाडीचे बरेचसे यांत्रिक भाग पत्र्याने झाकलेले असतात. मोटारसायकलीचे पुष्कळसे भाग मात्र उघडेच असतात. शिवाय हे वाहन दोनच चाकांवर तोलले जात असल्याने मोटारगाडीत केवळ गैरसोयीचा ठरणारा बिघाड येथे अपघाताचे कारण होऊ शकतो. त्यामुळे दिसण्यापुरता गंज कोणता व धोक्याचा कोणता, हे ओळखता येणे महत्त्वाचे असते.

गंजण्याची क्रिया : लोखंड, पाणी व ऑक्सिजन यांच्या विद्युत् रासायनिक विक्रियेने सजल आयर्न ऑक्साइड तयार होते, यालाच गंज म्हणतात. पाण्यात मीठ असल्यास त्याची विद्युत् संवाहकता वाढते व क्रिया जलद होते. कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेत वाहने लवकर गंजतात ती यामुळेच. ॲल्युमिनियमावरील ऑक्साइडाचा थर घट्ट चिकटून आतील धातूचे रक्षण करतो. गंज मात्र सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतो व क्रिया आत चालूच राहते. क्रोमियमाचा मुलामाही अभेद्य नसतो. त्यातील सूक्ष्म छिद्रांतून ओल आत शिरते आणि खालच्या पोलादावरील गंज ठिपक्यांच्या रूपाने वर येतो.

परीक्षण व उपाय : वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने वा घासकागदाने काढून, पृष्ठभाग कोरडा करून त्यावर गंजरोधक प्रायमर व नंतर रंग दिल्यास पुरेसे होते. सांगाड्याच्या नळ्यांचे खालचे भाग, मागील चाक धरणारे दांडे व स्टँडचे जोड येथे पाणी व चिखल साचतो. अशा ठिकाणी टोकदार हत्याराने टोचले असता पत्रा दबला किंवा पापुद्रे सुटले, तर तो भाग दुर्बळ झालेला असतो. त्यावर रंग देणे म्हणजे दोष झाकणे होय. तेथे कुशल कारागिराकडून दुरुस्ती किंवा भाग बदलणे आवश्यक ठरते. पुढील शॉक ॲब्सॉर्बरच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे पडले की ते तेलरोधक रबरी कडी कापतात. मग गळणारे तेल ब्रेकपर्यंत पोहोचून ब्रेक निकामी होण्याचा संभव असतो.

एक लिटर पेट्रोल जळताना सु. एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. फेरी लहान असल्यास सायलेन्सर पुरेसा तापत नाही व ही वाफ आतच द्रवरूप होते. म्हणून सायलेन्सर पुष्कळदा आतून गंजत जातो.

टाकी : अर्धवट भरलेल्या पोलादी टाकीत हवेतील बाष्पाचे दव जमून आतून गंज धरतो. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलाची विक्री सुरू झाली. इथेनॉल पाणी शोषते; पाण्याचे प्रमाण वाढल्यास ते पाण्यासह पेट्रोलापासून वेगळे होऊन तळाशी बसते. गंजाचे कण कार्ब्युरेटराच्या जेटमध्ये वा गाळणीत अडकले की एंजिन अडखळते. विरल फॉस्फोरिक अम्लाने गंज काढता येतो. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या विद्रावाने टाकी धुऊन ती लगेच पूर्ण कोरडी करावी लागते, अन्यथा काही तासांत पुन्हा गंज चढतो. रिकाम्या टाकीतही पेट्रोलाची स्फोटक वाफ उरत असल्याने तिच्याजवळ ठिणगी वा ज्योत आणणे घातक असते.

प्रवासातील किरकोळ दोष : उघडी साखळी सर्वसाधारणतः दर ५०० किमी. नंतर व पावसात त्याहून लवकर, एंजिन बंद ठेवून, पुसून वंगण द्यावी लागते. तिची ढिलाई निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत ठेवतात. पुष्कळ गाड्यांत ती २० ते ३० मिमी. असते. साखळी फार ताणल्यास बेअरिंगवर भार येतो, तर फार सैल असल्यास ती दंतचक्रावरून उतरून चाक अडकू शकते. चाकाचे आरे पान्याने हलके ठोकले असता सैल वा तुटलेला आरा बद आवाज देतो. क्लचची केबल बहुधा टोकाच्या गुंडीपाशी तंतू-तंतूने तुटते. म्हणून दूरच्या प्रवासात जादा केबल जवळ बाळगतात. काही अंतर जाऊन एंजिन बंद पडत असेल व टाकीचे झाकण उघडताच पूर्ववत चालत असेल, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. दिवा मंद होणे हे अनेकदा बॅटरीच्या अग्रांवरील वा भूजोडणीवरील क्षरणाचे लक्षण असते. अग्रे घासून, जोडणी घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावतात. ब्रेकचा द्रव हवेतील पाणी शोषतो व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. त्यामुळे लांब घाटउतारावर ब्रेक मऊ पडतो. हा द्रव साधारणतः दर दोन वर्षांनी बदलतात. डिस्कवर रात्रीत चढलेला पातळ गंज पहिल्या काही ब्रेकांतच निघून जातो. तो घालविण्यासाठी तेल मात्र कधीही लावू नये.

समुद्रकाठच्या प्रवासानंतर गाडी गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करणे आणि दीर्घकाळ ठेवताना टाकी पूर्ण भरणे, या दोन सवयींनी वरीलपैकी अनेक दोष टळतात.