न दिसणाऱ्याचें वजन

तिन्हीसांजेस देवघरांतील समईची ज्योत फडफडली, कीं भिंतीवरचा उजेडही त्याच क्षणीं हालला असें आपणांस वाटतें. वस्तुतः ज्योतीपासून भिंतीपर्यंत जावयास प्रकाशास वेळ लागतोच. मात्र तो इतका सूक्ष्म, कीं आपणांस कळूं नये. भिंत कोट्यवधि मैल दूर असती, तर हा विलंब घड्याळ लावून मोजतां आला असता. ज्योतिर्विदांनीं हीच युक्ति योजून एका न दिसणाऱ्या वस्तूचें वजन केलें आहे. ती हकीकत आज वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सप्तर्षींच्या शेजारीं श्यामशबल नांवाचा मंद तारकासमूह आहे. त्यांत सुमारें १ कोटि ४० लक्ष प्रकाशवर्षें दूर एन. जी. सी. ४३९५ ही लहानशी दीर्घिका आहे. तिच्या केंद्रीं एक कृष्णविवर असून तें भोंवतालचा वायु गिळीत आहे. आंत पडतां पडतां हा वायु तापून प्रकाशतो. परंतु घास सारखे नसल्यामुळें तो प्रकाश कांहीं तासांतही कमीअधिक होतो. ही झाली समई. भोंवतीं वेगानें फिरणारे हायड्रोजनचे मेघ ही भिंत. केंद्र उजळल्यावर कांहीं वेळानें मेघांचा तांबडा प्रकाश वाढतो. त्या विलंबावरून मेघांचें अंतर मिळतें, वर्णपटावरून वेग कळतो, आणि दोहोंवरून त्यांस धरून ठेवणारें वजन न्यूटनच्या नियमानें अजमावितां येतें.

दक्षिण कोरियांतील जाँग-हाक वू व त्यांचे सहकारी यांनीं २०१९ सालीं हा विलंब सुमारें ८३ मिनिटें असल्याचें प्रसिद्ध केलें. सूर्यापासून शनीपर्यंत जावयास प्रकाशास जवळजवळ इतकाच वेळ लागतो! वजन आलें सुमारें १० हजार सूर्यांइतकें. परंतु २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या, हबल दुर्बिणीच्या मोजणीनें तेंच वजन साडेतीन लक्ष सूर्यांहून अधिक ठरविलें होतें. विलंब तेव्हांही तासाभराच्या आसपासच होता. फरक पडला तो मुख्यतः वेगांत. कारण हबलनें कार्बनचा जंबुपार प्रकाश पाहिला होता. या गणितांत वेगाचा वर्ग येतो, म्हणून वेग सहापट धरला कीं वजन छत्तीसपट होतें.

हा वाद क्षुल्लक नव्हे. मृत ताऱ्यांपासून झालेलीं, कांहीं थोड्या किंवा कांहीं दशक सूर्यांच्या वजनाचीं कृष्णविवरें ठाऊक आहेत; आपल्या आकाशगंगेच्या केंद्रीं ४० लक्षांहून अधिक सूर्यांचें एक आहे. बीज दिसतें, वृक्षही दिसतो. मधलीं रोपें मात्र फार विरळा. हातीं लागलेल्या रोपाचेंच माप चुकलें, तर वृक्ष कसा वाढला हें कसें सांगावें?

दोन तराजू भिन्न वजन दाखवूं लागले, तर शहाणा गृहस्थ तराजू फेंकून देत नाहीं. मापें पुन्हां तपासून पाहतो. ज्योतिर्विद् तेंच करीत आहेत. विलंब तासाभराचाच असल्यानें एका निरभ्र रात्रींतही हें काम साधूं शकतें. मात्र ऐन वेळीं ढग आला, कीं ती रात्र फुकट जाते आणि पुन्हां आरंभापासून वाट पाहावी लागते.