एनटी स्कॅनचा रिपोर्ट ‘हाय रिस्क’ आला तर

अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागचा पाण्याचा थर मोजतात, तीच एनटी. जोडीला आईच्या रक्ताची डबल मार्कर तपासणी. रिपोर्टवर ‘१:१५०’ असा आकडा दिसला की घरात रडारड सुरू होते. त्याचा अर्थ एवढाच: असा आकडा आलेल्या १५० जणींपैकी साधारण एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल, १४९ जणींच्या बाळांना नसेल. हे निदान नव्हे.

पुढची एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए तपासणारी चाचणी, हीही चाळणीच, वर खर्चिक. एनटी ३.५ मिमी किंवा जास्त असेल तर डॉक्टर बहुधा थेट सीव्हीएस (वारेचा नमुना घेऊन तपासणी) किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासणी सुचवतात. पक्कं निदान त्यातूनच. सुईची भीती वाटतेच, पण सरावलेल्या हाती त्यामुळे गर्भपाताचा धोका शंभरात एकाहूनही कमी.

निकाल येईपर्यंतचे दिवस जड जातात. ‘ग्रहणात सुरी हातात घेतली होतीस का?’ असली चौकशी नवऱ्याने दारातच थांबवावी. क्रोमोझोमचा दोष त्याने होत नाही. जेनेटिक काउन्सेलरकडे दोघांनी मिळून जावं, प्रश्न कागदावर लिहून. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर, गंभीर व्यंग ठरल्यास मेडिकल बोर्डाच्या संमतीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताची मुभा आहे. तेव्हा आज रात्रीच काही ठरवायला नको.